चर्चिलचा चातुर्मास

वजन उतरत नाही? डाएटचे क्लास सोडा आणि कॅनडातल्या हडसन उपसागराकाठी, चर्चिल गावी, पांढऱ्या अस्वलांची शिकवणी लावा. त्यांचा चातुर्मासही साधारण आपल्याच वेळचा. जुलैच्या सुमारास बर्फ वितळला की किनाऱ्यावर यायचं आणि नोव्हेंबरात समुद्र गोठेपर्यंत बसून राहायचं. फक्त साबुदाण्याच्या खिचडीची सोय नाही.

पथ्य सोपं आहे. सील सोडून काही खायचं नाही, आणि सील बर्फावर उभं राहिल्याशिवाय हाती लागत नाही. श्वास घ्यायला ती बर्फातल्या भोकाशी येते, तिथे तासन्‌तास दबा धरायचा. बर्फच नसेल तर भोक कुठलं आणि सील कुठली? उपवास लांबवायचे कष्टही नकोत, ती सेवा आपण घरबसल्या करतो, कोळसा आणि पेट्रोल जाळून. 1980च्या दशकाच्या मानाने तिथला बिनबर्फाचा काळ तीन-चार आठवड्यांनी वाढलाय. फी तीच हं!

गुण येतो का, विचारता? 20 अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून पाहिलं. 19 जणांचं वजन घटलं, दिवसाला सरासरी किलोभर. (एकाचं वाढलं. चोरून खाणारा प्रत्येक बॅचमध्ये एक असतोच.) कुणी बेरी चघळल्या, कुणी हाडं. एका तरुण मादीला तर पोहता पोहता भर समुद्रात मेलेला बेलुगा देवमासा सापडला. एवढं ताट समोर, पण तरंगत्या मढ्याचे लचके तोडणं जमेना. दोन घास घेतले आणि त्याच्यावरच टेकून दम खात राहिली. याला म्हणतात संयम! आईचं दूध आटतं, त्यामुळे पिल्लंही सडपातळ राहतात.

मोह आवरत नसेल तर निवासी शिबिर आहे. गावात शिरलेल्या अस्वलाला कोठडीत ठेवतात आणि फक्त पाणी देतात, चटक लागू नये म्हणून. सुटका हेलिकॉप्टरने, जाळ्यात लटकवून.

पटसंख्या तेवढी घसरतेय. पश्चिम हडसन उपसागरात 1987 साली बाराशेच्या आसपास अस्वलं होती, 2016 साली 842, 2021 साली 618. नवीन प्रवेशाला भरपूर जागा आहे.

तिकडे गेलात तर गाड्यांना कुलूप दिसणार नाही. वाटेत एखादा उपाशी विद्यार्थी भेटला, तर जवळच्या गाडीत शिरा आणि दार लावून घ्या. तुम्हाला बघून त्याचं व्रत मोडायला नको.