श्न्यादेत्स्की प्रोफेसरांनी बाळाचे थेंब बंद करा असं कुठंही लिहिलेलं नाही

तो लिथुआनियन प्रोफेसरवाला मेसेज गेल्या पंधरा दिवसांत मला चार ग्रुपवर आलाय. तीन वेळा मी काही न बोलता सोडून दिला. चौथ्यांदा तो आमच्या आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकला, माझ्या धाकट्या बहिणीने वाचला आणि तिच्या पाच महिन्यांच्या मुलाचे व्हिटॅमिन डीचे थेंब बंद केले. अकरा दिवस! मला कळलं ते पण योगायोगाने, फोनवर सहज विचारलं काय चाललंय तर म्हणाली, "ताई, आम्ही आता नॅचरल करतोय, साडेबारा ते अडीच गच्चीवर, तेल चोळून." एप्रिल महिना. पुणं. सिमेंटची गच्ची. मी हातातली पोळी तव्यावरच सोडून बोलत बसले, पोळी जळली.

ज्यांना हा मेसेज अजून आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: लिथुआनियाचा एक केमिस्ट्रीचा प्रोफेसर होता, त्याने दोनशे वर्षांपूर्वी व्हिटॅमिन डी शोधलं, मुडदूस (मुलांची हाडं मऊ पडून वाकतात तो आजार, रिकेट्स) फक्त उन्हानेच बरा होतो हे सिद्ध केलं, औषध कंपन्यांनी ते दडपलं, रुथेनियम नावाचा धातूपण त्यानेच शोधला पण श्रेय रशियाने चोरलं, आणि रोज ऊन खाऊन तो ११५ वर्षं जगला. म्हणून बाळाचे थेंब बंद करा, दुपारचं दोन तास ऊन द्या. खाली हात जोडलेले आणि "जास्तीत जास्त शेअर करा".

माणूस खरा आहे, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी गूगल करून मला शिकवायला येणार नाही. येंजेय श्न्यादेत्स्की, जन्म १७६८, मेडिकलचं शिक्षण इटलीत पावियाला, मग एडिनबरा, आणि १७९७ पासून विल्नियस (आजच्या लिथुआनियाची राजधानी) विद्यापीठात केमिस्ट्रीचा प्रोफेसर. मूळचा डॉक्टरच. १८०० मध्ये त्याने पोलिश भाषेतलं पहिलं केमिस्ट्रीचं पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यासाठी पोलिशमध्ये शब्दच नव्हते तर ते पण स्वतः पाडले. मोठाच माणूस. आणि उन्हाचं पण त्याने खरंच लिहिलंय, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय.

पण काय लिहिलंय ते बघा ना. १९३९ साली 'नेचर' या जर्नलमध्ये मोझोलोव्स्की नावाच्या संशोधकाने यावर एक छोटी टिपण श्न्यादेत्स्कीच्या मूळ मजकुराच्या भाषांतरासकट छापली. आज जगात जो कोणी हा विषय काढतो तो फिरून त्याच टिपणापाशी येतो, मी पण तिथूनच सांगतेय. १८२२ च्या लिखाणात श्न्यादेत्स्की म्हणतो की मुडदूस झालेल्या मुलांना शहराबाहेर मोकळ्या कोरड्या हवेत न्या, ते जमत नसेल तर रोज बाहेर काढा, विशेषतः उन्हात, कारण अंगावर थेट पडणारं ऊन हा हा आजार टाळायच्या आणि बरा करायच्या सगळ्यात प्रभावी उपायांपैकी एक आहे. *पैकी एक.* मेसेजवाल्याने "पैकी" खाल्लं आणि "फक्त" घातलं. एवढ्या एका शब्दावर माझ्या भाच्याचे थेंब बंद झाले.

शिवाय तो बोलत होता ते शहरांतल्या मुलांबद्दल. त्याला दिसलं होतं की वॉर्सासारख्या दाटीवाटीच्या शहरातली पोरं मुडदुसाने वाकलेली असतात आणि बाहेरच्या खेड्यातली क्वचितच. त्याच्याकडे थेंब नव्हतेच, मग तो थेंब बंद करा म्हणेल कशाला? व्हिटॅमिन डी हा शब्दच १९२२ चा, अमेरिकेतल्या मॅककॉलमने दिलेला. श्न्यादेत्स्की वारल्यानंतर ८४ वर्षांनी. म्हणजे "शोध लावला" पण नाही, त्याने ऊन आणि मुडदूस यांचं नातं ओळखलं, मधे नक्की काय घडतं ते ओळखायला पुढचं शतक जावं लागलं.

आता गच्चीचं. यातही एक अर्धसत्य आहे आणि ते मला आवडत नाहीये तरी सांगते. आपल्याकडे आजीपासून चालत आलेलं सकाळी सातचं कोवळं ऊन डीच्या बाबतीत जवळजवळ काही कामाचं नाही, कारण त्वचेत डी तयार करणारे यूव्हीबी (अल्ट्राव्हायोलेट प्रकाशातला एक भाग) किरण तेव्हा तिरपे येतात आणि वातावरणातच अडकतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर फारसं काही बनत नाही. काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाने पण नाही, काच यूव्हीबी अडवते. त्यामुळे मेसेजमधलं "दुपारचं ऊन" भौतिकशास्त्राच्या हिशोबाने बरोबर आहे. पण अहो, पाच महिन्यांचं बाळ आहे ते! त्याला तहान लागली सांगता येत नाही, कूस बदलून सावलीत जाता येत नाही, घाम येऊन अंग थंड करायची त्याची यंत्रणा अजून धड तयार नाही, आणि तुम्ही त्याला तेल चोळून एप्रिलच्या दुपारी दोन तास तापलेल्या सिमेंटवर चटई टाकून झोपवताय. बहिणीकडची मालिशवाली बाई, जिने आयुष्यात एक पेपर वाचला नाही, ती दुसऱ्याच दिवशी म्हणाली होती म्हणे, "वहिनी, पोराची पाठ लाल झाली." ती एकटीच शहाणी निघाली त्या घरात.

आणि थेंब का देतात? आईच्या दुधात बाकी जवळजवळ सगळं असतं पण डी फार कमी असतं. म्हणून आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यायला सांगते. भरपूर ऊन असलेल्या देशातली संघटना सांगतेय हे, लिथुआनियातली नाही. त्यातून गंमत अशी की बहुतेक थेंबांतलं डी तयार होतं कसं तर मेंढीच्या लोकरीतला चिकट पदार्थ घेतात, त्यातून जे मिळतं त्यावर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकतात. म्हणजे तुमच्या त्वचेत होतं तेच कारखान्यात होतं. "नॅचरल ऊन की केमिकल थेंब" हे भांडण कशावर चाललंय मला कळतच नाही.

(हां, मोठी माणसं ते साठ हजार युनिटचं पाकीट कुणालाही न विचारता वर्षानुवर्षं दर रविवारी दुधात टाकून पितात, ते बंद करा म्हटलं असतं तर मी स्वतः फॉरवर्ड केलं असतं. डी जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, किडनीला त्रास होतो. आत्या, तुझ्याबद्दलच बोलतेय.)

"कंपन्यांनी दडपलं" हा मुद्दा तर ऐकवत नाही. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम नावाच्या डॉक्टरने जपानपासून भारतापर्यंतच्या मिशनरी डॉक्टरांकडून माहिती गोळा करून ऊन असेल तिथे मुडदूस नाही असं लिहून छापलं. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्कीने मुलांना अल्ट्राव्हायोलेट प्रकाश देणाऱ्या क्वार्ट्झच्या दिव्याखाली बसवून बरं केलं आणि एक्स-रे काढून दाखवलं. १९२२ मध्ये, श्न्यादेत्स्कीच्या त्या लिखाणानंतर बरोबर शंभर वर्षांनी, हचिसन आणि शाह यांचा पेपर आला तो चक्क आपल्या नाशिकचा! पडद्यात राहणाऱ्या खात्यापित्या घरांत मुडदूस जास्त आणि उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या पोरांत कमी, असं त्यांना दिसलं. खायला बरं मिळणारी पोरं आजारी, कारण दार बंद. आणि १९२८ मध्ये विंडाउस या जर्मन केमिस्टला याच विषयाशी जोडलेल्या कामासाठी केमिस्ट्रीचं नोबेल दिलं. स्टॉकहोममध्ये राजाच्या हस्ते बक्षीस देऊन दडपण्याची ही कुठली पद्धत?

आता ११५ वर्षं. हे वाचून मी आधी हसले, मग आकडा आला कुठून ते शोधत बसले. श्न्यादेत्स्की १८३८ मध्ये वारला, सत्तरीही पूर्ण नाही. पण व्हिटॅमिन डीवरच्या कितीतरी पेपरांच्या संदर्भयादीत त्या 'नेचर'च्या टिपणाच्या शीर्षकात त्याची सालं १७६८–१८८३ अशी छापलेली आहेत. ३८ चं ८३ झालंय. आकडे उलटे पडले, एकाने दुसऱ्याचं तसंच उतरवून घेतलं आणि वजाबाकी केली तर बरोबर ११५! मेसेज लिहिणाऱ्याने तिथूनच उचललं असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पण दुसरीकडून हाच आकडा येणं अवघड आहे. म्हणजे एका छपाईच्या चुकीला आपण दीर्घायुष्याचं रहस्य म्हणून फॉरवर्ड करतोय.

रुथेनियमचं प्रकरण त्यामानाने इंटरेस्टिंग आहे. १८०८ मध्ये कच्च्या प्लॅटिनममध्ये नवा धातू सापडला असं श्न्यादेत्स्कीने जाहीर केलं, आदल्याच वर्षी सापडलेल्या व्हेस्टा या लघुग्रहावरून नाव ठेवलं व्हेस्टियम. पॅरिसच्या मोठ्या केमिस्टांनी करून पाहिलं, त्यांना मिळाला नाही. त्याने दावा सोडून दिला. पुढे १८४४ मध्ये कार्ल क्लाउसने रशियातल्या कझानमध्ये उरल पर्वतातल्या प्लॅटिनमच्या गाळातून रुथेनियम काढलं, नमुना बर्झेलियस या स्वीडनच्या नामवंत केमिस्टला पाठवला, त्याला पण आधी हे अशुद्ध इरिडियमच वाटलं, क्लाउस मागे हटला नाही आणि शेवटी बर्झेलियसने मान्य केलं. श्न्यादेत्स्कीच्या भांड्यात खरंच रुथेनियम होतं का? असेलही. पण स्वतःहून मागे घेतलेल्या दाव्याची चोरी कशी होते? आणि तेव्हा तो सहा वर्षांपूर्वीच वारलेला होता, मेसेजच्या हिशोबाने मात्र ७६ वर्षांचा, गच्चीवर ऊन खात बसलेला.

लिथुआनियन म्हणावं का? जन्म पोलंडमधल्या झ्निनचा, लिहिलं पोलिशमध्ये, आयुष्य गेलं विल्नियसमध्ये, तेव्हा तिथे झारचं राज्य. दोन्ही देश आपला म्हणतात, म्हणू देत.

जाता जाता एक. हाच माणूस विल्नियसमध्ये एका मंडळाचा अध्यक्ष होता, नाव होतं चक्क "बदमाशांचं मंडळ", सभासद जुन्या लिथुआनियन देवांची नावं लावायचे आणि स्वतःचं एक साप्ताहिक काढून त्यात अडाणीपणा, दारूबाजी, खोटी प्रतिष्ठा असल्या गोष्टींची यथेच्छ टिंगल करायचे. हा मेसेज त्यांच्या हाती लागला असता तर पुढच्या अंकाचं पहिलं पान त्यांना आयतं मिळालं असतं.

थेंब परवापासून परत सुरू झालेत, डॉक्टरांना अकरा दिवसांचं सांगून झालंय, त्यांनी बाळाला तपासलं, ठीक आहे. आत्याने माझ्या एवढ्या मोठ्या उत्तरावर अंगठा दाखवला आणि त्याच्याच खाली दहा मिनिटांत तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचा व्हिडिओ टाकला.