गाडी स्वस्त मिळाली म्हणून पार्ट स्वस्त मिळत नाहीत

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर मेव्हण्याने टाकलं: 'जुनी युरोपियन गाडी म्हणजे पांढरा हत्ती.' खाली सगळ्या मामा-मावश्यांचे हसरे चेहरे. तिथे उत्तर दिलं तर रात्री जेवायला मिळणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

याच मेव्हण्याने मागे एक जुनी जर्मन डिझेल सेडान घेतली. नवीन वॅगन-आरपेक्षा कमी पैशात. सोसायटीत पेढे वाटले. वागळे इस्टेटच्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं, बेल्ट कधी बदललाय त्याचा पत्ता नाही, आधी टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप एकत्र करून घ्या. साहेबांनी सीट कव्हर आणि अँड्रॉइड स्टिरिओ बसवला. पावसाळ्यात गायमुखच्या चढावर बेल्ट तुटला, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले, सगळे व्हॉल्व्ह वाकले. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भागच, उतरवावं लागलं. आणि बदनाम कोण? गाडी!

अरे, वीस लाखांची गाडी तुला चारला मिळाली, पण तिचा वॉटर पंप अजून वीस लाखांच्या गाडीचाच आहे ना? ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच लागतं. कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतायचं (हो, तेही केलं होतं त्याने) आणि मग रेडिएटरला शिव्या घालायच्या.

युरोपियन इंजिनं टिकत नाहीत म्हणे. स्विफ्ट डिझेल वर्षानुवर्षं डोक्यावर घेऊन नाचलात, तिचं १.३ लिटरचं इंजिन फियाटचं. काळी-पिवळी पद्मिनी मूळची फियाटच, २०२३ पर्यंत मुंबईत धावली. टॅक्सीवाला रोज बॉनेट उघडून बघायचा, म्हणून धावली.

बरं, मान्य. प्लॅस्टिकची थर्मोस्टॅट हाउसिंग (कूलंटच्या झडपेची आवरणं) तडकतात. ड्राय क्लचवाल्या सात गिअरच्या ऑटोमॅटिकचं मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, गेलं तर बिल लाखाच्या वर जाऊ शकतं. मारुतीचा पार्ट नाक्यावर मिळतो, हिचा मागवावा लागतो. पुढे?

खरा राग मेव्हण्यावर नाहीच. 'अल्टोच्या भावात जर्मन' म्हणून रील टाकणाऱ्या डीलरांवर आहे. सर्व्हिस रेकॉर्ड मागितलं की 'साहेब, डॉक्टरची गाडी आहे' एवढंच उत्तर. मेव्हण्याचं कळतं मला. घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता, पोरांच्या फिया, त्यात एकदा तरी ते जड दार आपल्या हाताने लावावं असं वाटलं त्याला. हायवेला ऐंशीच्या पुढे ती गाडी जशी रस्त्याला चिकटते, ते एकदा अनुभवलं की हिशोब सुचत नाही. मलाही सुचत नाही.

तर दुपारी त्याचाच फोन. नेरूळला एक २०१४ ची बघून आलाय, तीच कंपनी! म्हटलं, किमतीच्या निम्मे पैसे दुरुस्तीला बाजूला काढ, ते दाखव, मग रविवारी मिस्त्रीला घेऊन येतो.

"दाजी, टोकन देऊन झालंय."