कोळी खेकड्याला ठेचण्याआधी त्याचे पाय तरी मोजा

"ओहोटीला खडपावर दिसणारे छोटे समुद्री कोळी अतिविषारी आहेत. आठ पाय म्हणजे कोळीच. अंगावर कुजकी बुरशी असते. जपानच्या राक्षसी खेकड्याची ही पिल्लं कोकणात आली आहेत. दिसताच दगडाने ठेचा." मावशीने हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला आणि रविवारी आठ वर्षांच्या भाच्याने डबक्यातला एक ठेचलासुद्धा. म्हणून लिहितोय: हा कोळी नव्हे, कोळ्यासारखा दिसणारा 'कोळी खेकडा' आहे.

आधी विष. खेकड्याला विषारी दात नसतो आणि डंखही नसतो. या एवढ्याशा जिवाने चिमटा काढलाच, तर जेमतेम जाणवेल. काही खेकडे खाऊन माणसं दगावली आहेत आणि ते विष शिजवूनही जात नाही, हे खरं. पण ते झँथिडी कुळातले, रुंद कवचाचे आणि जाड नांग्यांचे. ते कूळच वेगळं.

आठ पाय मोजणाऱ्याने नांग्या सोडल्या. त्या धरून दहा होतात. शिवाय खेकड्याला मिशा असतात, कोळ्याला नसतात.

'बुरशी' वाचून मात्र डोकं फिरलं. ते शेवाळ त्याने स्वतः अंगावर लावलेलं असतं! कवचावर आकड्यांसारखे वाकडे केस असतात. शेवाळाचा तुकडा नांगीने तोडायचा, टोक तोंडात धरून चावायचं आणि मग त्या केसांत अडकवायचं, असं त्याचं काम चालतं. काही जाती स्पंजही लावतात. कात टाकल्यावर जुन्या कवचावरचे तुकडे काढून नव्यावर लावतानाही ते दिसले आहेत. माशांच्या नजरेतून वाचायची ही धडपड, आणि आपण तिला कुजणं म्हणतो. म्हणून ओळखताना शेवाळाखालचा आकार बघा: पुढे निमुळतं होत गेलेलं तिकोनी कवच, टोकाला एक किंवा दोन शिंगं, काटकुळे पाय, संथ चाल. एकच लांब शिंग असेल तर तो मेनेथियस मोनोसेरॉस या जातीचा असू शकतो.

जपानचा राक्षसी खेकडा तिथल्या खोल, थंड पाण्यात राहतो. त्याच्या पायांचा पसारा पावणेचार मीटरपर्यंत जातो. त्याची पिल्लं आपल्या उथळ, कोमट डबक्यांत कशी येतील? ब्रिटिश निसर्गतज्ज्ञ आल्फ्रेड अल्कॉकने भारतीय समुद्रांतल्या कोळी खेकड्यांची सविस्तर वर्णनं 1895 मध्येच छापली आहेत. हे इथलेच आहेत.

पुढच्या ओहोटीला भाच्याला घेऊन जातोय, जिवंत खेकडा दाखवायला. मावशी, तो मेसेज जिथे जिथे पाठवलास, तिथे आता हेही पाठव.