पिवळी पिशवी

आज सोसायटीत रक्तदान शिबिर होतं. साहेबांचा वाढदिवस. गेटपासून लिफ्टपर्यंत बॅनर आणि प्रत्येक रक्तदात्याला तीन लिटरचा कुकर.

सकाळी दहाला मंडळाची दोन पोरं दारात. "वहिनी, छोटीला खाली आणा ना. तिच्या हातून केक कापू. कॅन्सरला हरवणारी आपल्या बिल्डिंगची वाघीण!"

वाघीण म्हणे. सात वर्षांची आहे ती. काल दुधावरची साय दिसली म्हणून पाऊण तास रडली.

मी म्हटलं, आणते. पण रजिस्टरला अजून एक पान जोडा, प्लेटलेट्स (वाहणारं रक्त थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी) देणाऱ्यांचं. "हो हो, वहिनी, का नाही!" दुपारी दोनला बघितलं. रक्ताच्या साठाच्या वर पिशव्या, माझ्या पानावर एक नाव नाही. "दीड तास बसायचं?" "परळच्या हॉस्पिटलपर्यंत कोण जाणार?" "ते मशीनमधून रक्त परत अंगात घालतात ना? नको बाबा." केक कापायला मी लेकीला नेलं नाही. रागावले असतील. रागवा.

आमचं काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. चार वर्षांची होती. ताप जाईना, पोटऱ्यांवर निळे डाग, जिना चढताना "आई, पाय दुखतात". मी म्हणायची, खेळून दुखत असतील. मग सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, मग परळ. एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. पहिला महिना सगळ्यात वाईट. केमो वाईट पेशी मारते तशा चांगल्याही मारते, काउंट खाली जातात. त्या दिवाळीत तिच्या प्लेटलेट्स आठ हजारांवर आल्या. नॉर्मल म्हणजे दीड लाखाच्या वर. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी नाकातून रक्त सुरू झालं. थांबेना.

आणि रक्तपेढीत खडखडाट. का, तर सुट्ट्या. लाल पेशी फ्रीजमध्ये महिनाभर राहतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. त्याही फ्रीजमध्ये नाही, साधारण 22 अंशांवर, सतत हलत्या ट्रेवर, पाळण्यात घातल्यासारख्या. म्हणून साहेबांच्या वाढदिवसाची रांग दिवाळीला कामाची नाही. मे महिन्यातही नाही, तेव्हा सगळे गावाला.

मिस्टरांनी लोकलच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पंधरा जणांनी हात जोडले. एक जण आला. मिस्टरांना त्याचं खरं नावही माहीत नव्हतं. डब्यात सगळे त्याला 'चौथी सीट' म्हणतात, कारण डोंबिवलीपासून अर्धं बूड बाहेर ठेवून तो टाळ वाजवत येतो. रिकाम्या लोकलने आला, चकलीचा डबा घेऊन. तपासण्या झाल्या, मशीनवर बसला. मध्येच म्हणाला, "वहिनी, ओठांना मुंग्या आल्यात." सिस्टरने कॅल्शियमची गोळी चघळायला दिली, की झाला गप्प. शेवटी पिशवी बघून म्हणाला, "एवढंच? मला वाटलं लाल असेल."

लाल नसतंच ते. पिवळसर, गढूळ, पन्ह्यासारखं. सगळ्या चाचण्या होऊन रात्री नऊला ती पिशवी लेकीला लागली. बाहेर फटाके. ती म्हणाली, "आई, मला सरबत लावलं."

हे लिहिताना हात थरथरतोय, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बरं, रक्तदान शिबिरं वाईट असं मी म्हणत नाही. लाल रक्तही तिला पाच वेळा लागलं, ते अशाच कुठल्या तरी शिबिरातून आलं असेल. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः एकदाही देऊ शकलेले नाही. साडेबारा हिमोग्लोबिन लागतं, माझं दहाच्या वर सरकत नाही. तेव्हा उपदेश करायचा मला किती अधिकार, हा प्रश्न आहेच. तरी करतेय.

कारण 'वाघीण' म्हटलं की आपलं काम संपतं. तिनेच लढायचं, तिनेच जिंकायचं, आपण फोटो काढायचा. ती काय लढली? ती स्टिरॉइडच्या भुकेने रात्री तीनला उठून वरणभात मागायची. पाठीतल्या इंजेक्शनच्या दिवशी माझी ओढणी दातात धरायची. व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाने पावलं लुळी पडली तेव्हा भिंत धरून चालायची. (ते औषध सदाफुलीतून येतं. सासूबाईंनी हे ऐकून कुंडीतल्या सदाफुलीचा रस काढायला घेतला होता, मी वाटी मोरीत ओतली. भांडण झालं. झाड त्यांनी बरोबर ओळखलं होतं, पण ते मिलिग्रॅममध्ये, शिरेतूनच द्यायचं असतं.) नंतरची दोन वर्षं रोज रात्री सिक्स-एमपी ही केमोची गोळी, आठवड्यातून एकदा दुसरी, मेथोट्रेक्सेट. डे-केअरच्या रांगेत एका बाबांनी सांगितलं, या मेथोट्रेक्सेटमागे आपल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव आहेत. अमेरिकेत काम केलं, 1948 मध्ये गेले. माझ्या मुलीच्या गोळीत त्यांचा वाटा, आणि मला नाव माहीत नव्हतं. 'चौथी सीट'चं तरी कुठे होतं?

त्याने नंतर अजून तीनदा दिल्या. रक्त पुरुषांना तीन महिन्यांनी देता येतं, प्लेटलेट्स मशीनवर दोन दिवसांनीसुद्धा. त्याने कधी फोटो काढला नाही. गुढीपाडव्याला गोळ्या थांबल्या तेव्हा मी पेढे पाठवले, तर म्हणाला, "कशाला वहिनी, मी तर नुसता बसलो होतो."

मगाशी मंडळातला एक जण वर आला. चिडला असेल असं वाटलं. कुकर द्यायला आला होता, उरलेला. "तुमचाच कार्यक्रम समजा, वहिनी." काय बोलणार? पोरं वाईट नाहीत. घेतला नाही. खरं म्हणजे माझ्या कुकरची रिंग गेली आहे, पण घेतला नाही.

ज्यांना परळला यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये ब्लड ग्रुप आणि मोकळा वार कळवा. आधीच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको, पोटभर खाऊन यायचं. "बघतो, सांगतो"वाल्यांनी तसदी घेऊ नये. मी सोबत येईन, चहा माझ्याकडून. कुकर नाही.