बॅकअपची हार्डडिस्क कायम जोडून ठेवू नका

'एक्स्टर्नल हार्डडिस्क लावून ठेवली की बॅकअपची काळजी मिटली' हे कॉम्प्युटरमधल्या फाईली सुरक्षित ठेवण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया बदला, ते घातक आहे. रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, फक्त सी ड्राइव्हवर थांबत नाही; त्या क्षणी जोडलेली डिस्क, पेनड्राइव्ह, शेअर केलेलं फोल्डर, लिहिता येईल ते सगळं लॉक करतं. कॉपी झाली की डिस्क 'इजेक्ट' करून केबल काढायचीच. शिवाय वर्षातून दोनदा तरी त्यातली एखादी फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, कारण डिस्क खराब झाल्याचं बहुतेकांना गरज पडते तेव्हाच कळतं. दुसरी प्रत वेगळ्या घरी हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत तळमजले पाण्याखाली गेले. कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच कपाटात असतील तर दोन्ही एकदमच जातात.

लेखात राहून गेलेलं एक फुकटचं साधन विंडोजमध्येच आहे: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन'. तिथलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' अनोळखी प्रोग्रामना ठरावीक फोल्डरमधल्या फाईली बदलू देत नाही. ते सहसा बंदच असतं, ते चालू करा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आपोआप त्यात येतात. डी ड्राइव्हवरचे फोटो किंवा हिशेबाचं फोल्डर मात्र हाताने जोडावं लागतं. नंतर एखादं मराठी टायपिंगचं किंवा अकाउंटिंगचं जुनं सॉफ्टवेअर 'फाईल सेव्ह होत नाही' म्हणेल. घाबरून सगळं बंद करू नका, 'अलाऊ ॲन ॲप'मध्ये तेवढ्याच प्रोग्रामला परवानगी द्या. आणि दुसरा अँटिव्हायरस टाकला असेल तर डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, रिअल-टाइम संरक्षण बंद होतं, त्याबरोबर 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'ही चालत नाही.