बॅटरी बदलल्यावर आरशांची मेमरी गेली, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

बॅटरी बदलल्यावर तुमची आणि मॅडमची सीट-आरशांची मेमरी गेली, आम्ही ती परत भरून दिली नाही आणि रिव्हर्स टाकला की डावा आरसा खाली वाकतो, अशी तुमची तक्रार आहे.

काही गाड्यांत बॅटरी काढली तरी सेव्ह केलेली पोझिशन टिकते, काहींत पुसली जाते. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारातली. काम सुरू करण्याआधी फोनवर हे सांगितलं होतं, जॉब कार्डवरही लिहिलं आहे.

परत भरून दिली नाही, ते मुद्दाम. आरशाचा कोन चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरतो. आमच्या पावणेसहा फुटी मेकॅनिकने अंदाजाने मेमरीच्या बटण १ वर तुमची आणि २ वर मॅडमची पोझिशन भरून दिली असती आणि मॅडमनी विश्वासाने २ दाबून गाडी काढली असती, तर डावीकडून घुसणारी स्कूटर त्यांना दिसलीच नसती. हे मी माझ्या गॅरेजमध्ये होऊ देणार नाही.

घरी करायचं तर आधी सीट, मग स्टिअरिंग, आरसे शेवटी. सीट जरा सरकली तरी आरशातलं सगळं बदलतं. उजव्या आरशासाठी डोकं खिडकीच्या काचेला टेकवा आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवा. डाव्यासाठी डोकं दोन्ही सीटांच्या मधोमध आणून तेच करा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात जवळपास दिसणार नाही. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल, पण मधल्या आरशातून निसटलेलं वाहन बाजूच्या आरशात सापडेल. बहुतेकांच्या आरशात अर्धा आपलाच दरवाजा असतो, ते मला बघवत नाही. झालं की सेटचं बटण दाबून लगेच १ दाबा, मॅडमसाठी २. नंतर आरसा हलवलात तर पुन्हा सेव्ह करावं लागेल.

डावा आरसा वाकणं हा बिघाड नाही. मागचं चाक आणि फुटपाथची कड दिसावी म्हणून ती सोय आहे. नको असेल तर दरवाजावरचा आरशाचा नॉब डावीकडून वळवून मधे ठेवा.

तुमच्या गाडीत मेमरी चावीलाही जोडता येते. चाव्यांची अदलाबदल झाली की तुम्ही बसताना मॅडमची सीट पुढे येते. तेव्हा दोघंही या, दोन्ही चाव्या आणा, समोर बसवून सेट करून देतो. त्याचे पैसे नाहीत. सोमवारी गॅरेज बंद असतं.