किल्ल्या पर्समध्येच राहिल्या होत्या

आज सकाळी बँकेची शाखा उघडायच्या आधी आमची एक ऑफिसर माझ्या केबिनमध्ये आली. स्केल टू, म्हणजे अधिकाऱ्यांच्या दुसऱ्या पायरीवरची. दोन वर्षं ग्रामीण शाखेत काढून आलेली. कर्जाची फाइल अशी बांधते की ऑडिटरला विचारायला काही उरत नाही. स्केल थ्रीच्या प्रमोशनचे अर्ज सुरू आहेत, शुक्रवार शेवटची तारीख. गेला महिनाभर मी तिच्या मागे लागले होते. तर म्हणाली, "मॅडम, मी विलिंगनेस देत नाहीये." म्हणजे अर्जच करणार नाही.

मला वाटलं, बदलीची भीती. प्रमोशन म्हणजे झोन बदलणार, कदाचित राज्यही, आणि हिची मुलगी तीन वर्षांची. तसं बोलून दाखवलं. म्हणाली, "बदलीचं नाही मॅडम, ते बघून घेईन. राग मानू नका. तुम्ही रविवारी सकाळी सात वाजता ग्रुपवर कासाचे (चालू-बचत खात्यांतल्या ठेवींचे) आकडे टाकता. मागच्या महिन्यात अंगात ताप होता तरी टाकलेत. वर गेलं की असंच राहावं लागणार असेल तर मला नाही जमणार."

मी तिला काहीच बोलले नाही. नंतर कामाला लागलो, गर्दी होती, लॉकरवाले आले, एटीएम बंद पडलं. पण दिवसभर ते वाक्य काही सुटलं नाही. आत्ता जेवण झालंय, घरातले झोपायच्या तयारीत आहेत, आणि मी हे लिहायला बसलेय. लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, मी कारकून म्हणून लागले आणि आज चीफ मॅनेजर आहे. त्याचा मला अभिमान आहे. मुलींनी वर जावं, शाखाप्रमुखाच्या खुर्चीत बाई दिसावी, हे आपल्यापैकी कुणाला वेगळं सांगायला नको. म्हणून तर जास्त लागलं. चांगली मुलगी दारातून मागे फिरली आणि तिला फिरवणारी मी.

एक जुनी गोष्ट सांगते. जवळच्यांनी ऐकली आहे, पण अर्धीच.

डिसेंबर 2017. मी बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या पुढच्या एका गावात मॅनेजर होते. शाखा म्हणजे मी, एक तरुण ऑफिसर, एक कॅशियर आणि एक शिपाई. त्या वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली होती, आणि आमच्याकडे ग्रीन लिस्टचं, म्हणजे माफीला पात्र शेतकऱ्यांच्या यादीचं, काम चाललं होतं. ज्यांनी ते दिवस बँकेत काढले त्यांना शब्द उच्चारला तरी पुरे. रकान्यांमागून रकाने, आधार एकाचं, खातं दुसऱ्याचं, नावात काना कमी म्हणून नाव बाद. सकाळी आठपासून ओट्यावर माणसं बसलेली असायची.

एका रात्री साडेआठला भावाचा फोन आला. अण्णांना छातीत दुखतंय, मिरजेला दवाखान्यात आणलंय. मी अजून शाखेतच होते. होते तशी निघाले. गाडी करून रात्रभर प्रवास. पहाटे पाचला पोहोचले. अण्णा आयसीयूत, भेटायला सातला सोडणार. बाहेरच्या बाकावर बसले.

साडेनऊला फोन वाजला. मला वाटलं शाखेतलं कुणीतरी चौकशीला. कॅशियर होता. "मॅडम, किल्ल्या?"

तिजोरीच्या किल्ल्या जॉइंट कस्टडीत असतात. एक जोड कॅशियरकडे, एक माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. माझा जोड माझ्या पर्समध्ये होता, मिरजेत, आयसीयूच्या बाहेर. आणि तिकडे ओटा भरलेला.

पुढचं सगळं आता लिहिताना पोटात कालवतं. रिजनल ऑफिसमधून तासाभरात पाच फोन आले. पाचांपैकी एकानेही वडील कसे आहेत हे विचारलं नाही. शेवटी भाऊ सीलबंद पाकिटात किल्ल्या घेऊन गाडीने निघाला. आजारी वडलांचा थोरला मुलगा, दवाखाना सोडून, सात-आठ तासांच्या रस्त्याला, माझ्या बँकेसाठी. त्या दिवशी तिथे कॅश उघडली नाही. लोक परत गेले.

या गोष्टीतला फोनचा भाग मी आजवर फार वेळा सांगितला. रिजनल ऑफिस किती निर्दयी, ते सांगायला बरं वाटतं. उरलेला भाग खाली लिहिते, आधी थोडं भांडून घेते.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हटलं. 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं 90 तासांचं बोलणं सगळीकडे फिरलं, रविवारी कामाला लावता येत नाही याची खंत त्यांनी बोलून दाखवली होती. मला संताप तासांचा नाही. मार्च एंडला मीही काढते तसे तास. संताप याचा की, या 90 तासांत भाजी कोण आणणार, आईची गोळी कोण बघणार, पोराच्या शाळेत कोण जाणार, हा प्रश्न त्यांना पडतच नाही. कारण त्यांच्या घरी तो कुणीतरी कधीच सोडवून ठेवलेला असतो. आमच्या घरी तो सोडवणारी मीच आहे!

आणि आमच्याकडे काय वेगळं चाललंय? दुसरा-चौथा शनिवार सुट्टी मिळाली 2015 च्या सप्टेंबरपासून. उरलेल्या शनिवारांसाठी 8 मार्च 2024 ला बँका आणि कर्मचारी संघटनांच्या करारात शिफारस झाली आणि सरकारच्या मंजुरीवर येऊन अडली. पण सुट्टी कागदावर असून करायचं काय? सुट्टीच्या शनिवारी मेळावा लागतो. सहा वाजता शाखा आवरते आणि साडेसहाला व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, सुरू होतो. पन्नास शाखाप्रमुख स्क्रीनवर, आणि ज्याचा विमा विकल्याचा आकडा कमी त्याला सगळ्यांसमोर उभं करायचं. काल एका माणसाला, चोवीस वर्षांची सर्व्हिस असलेल्या माणसाला, "तुम्हाला खुर्ची जड झालीय का" असं विचारलं गेलं. तो "सॉरी सर" म्हणाला. मी म्यूटवर होते. मीही काही बोलले नाही.

मान्य, टार्गेट नसेल तर बँक चालणार नाही. मान्य, पुरुषांनाही हेच सोसावं लागतं, तो माणूस पुरुषच होता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. आजार म्हणून नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. पहिली सगळ्यांना कळते. मला भीती दुसरीची वाटते. त्या ग्रीन लिस्टच्या दिवसांत एक म्हातारे बाबा माझ्यासमोर बसले होते. पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर हाताने सपाट करत होते, सातबारा, पासबुक, रेशनकार्ड, आणि प्रत्येक कागद ठेवताना माझ्याकडे बघत होते. माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे होतं, की ही बोटं लवकर का चालत नाहीत. माणूस दिसतच नव्हता. हे मी. शेतकऱ्याच्या घरातली सून. घरी आल्यावर मला त्याचं काही वाटलंही नाही. आज वाटतंय.

तर उरलेला भाग.

माझ्या त्या शाखेतला तो तरुण ऑफिसर सहा महिन्यांपूर्वीच मला म्हणाला होता, "मॅडम, किल्ल्यांचा चार्ज अधूनमधून मला देत जा, मी शिकेन, तुम्हालाही सुट्टी घेता येईल." मी म्हटलं, "कशाला, मी आहे ना." त्याच्यावर विश्वास नव्हता असं नाही. चांगला मुलगा होता. पण माझ्यावाचून शाखा उघडत नाही हे मला आवडत होतं. लिहायला जड जातंय, पण खरं हेच आहे. त्या रात्री शाखेतून निघताना तो समोरच बसला होता. रजिस्टरमध्ये दोन सह्या, दोन मिनिटांचं काम. माझ्या डोक्यातही आलं नाही.

म्हणजे अण्णांच्या उशाशी असलेल्या भावाला गाडीत बसवून पाठवलं ते रिजनल ऑफिसने नव्हे. मी.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षं. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉर्डात आणलं, भाऊ परत आला होता, किल्ल्यांची सगळी कथा त्यांच्या कानावर गेली होती. मला जवळ बोलावून म्हणाले, "तिजोरी घेऊन आलीस व्हय गं?" मी रडायलाच लागले. मग हळूहळू, दम खात, ते बोलले. "आमी ड्युटी संपली की डेपोत वेबिल द्यायचो, रोकड मोजून द्यायचो, तिकिटांचा ट्रे जमा करायचो. मग घरी. एकदा जमा केलं की गाडीचं काय झालं त्ये दुसरा कंडक्टर बघंल. तुमच्यात कुठं जमा करत्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. अण्णा त्यातून उठले, पुढे चार वर्षं होते.

त्यांचं ते विचारणं मला पुन्हा आठवलं ते एका सक्तीच्या रजेमुळे. रिझर्व्ह बँकेने जुलै 2021 मध्ये नियम पक्का केला की संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस, आधी न कळवता, रजेवर पाठवायचं. त्या काळात सिस्टिम बंद, कामाशी संबंध नाही. हेतू आमच्या विश्रांतीचा नाही, घोटाळा असेल तर तेवढ्यात बाहेर पडावा म्हणून. माझी जागा आमच्या बँकेच्या यादीत येते. दोन वर्षांपूर्वी मला असंच एका सकाळी सांगितलं, आजपासून रजा. पहिले तीन दिवस मी घरात नुसती फिरत होते. चौथ्या दिवशी दुपारी झोपले, ती संध्याकाळी दिवेलागणीला उठले. पाचव्या दिवशी मुलाने विचारलं, "आई, तू बरी आहेस ना?" कारण मी त्याच्याशी पत्ते खेळत होते.

परत गेले तर शाखा जागेवर होती. सेकंड मॅनेजरने चार्ज सांभाळला होता, आणि कर्ज विभाग या मुलीने, आज जी विलिंगनेस देत नाही म्हणाली तिने, एकटीने ओढला होता. एकही फाइल अडलेली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटलं. आणि त्याच रविवारी सकाळी सात वाजता मी ग्रुपवर आकडे टाकले. कुणी मागितले नव्हते. तेव्हापासून दर रविवारी टाकते.

कुणी म्हणेल, असं राबूनच तर वर आलात. आले. नाकारत नाही. पण माझ्याबरोबर स्केल थ्रीला आलेल्या सहा जणींपैकी आज दोघी उरलोय. एकीने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली, एक कारकून असतानाचे दिवस बरे होते म्हणते, एकीला आता गर्दीत श्वास लागतो. ज्या टिकल्या त्यांचंच ऐकायचं असेल तर माझंही ऐकू नका.

2013 मध्ये अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या तेव्हा आम्ही शाखेत पेढे वाटले होते, आमची बँक वेगळी असूनही. मुलांच्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी बायकांना दोन वर्षांची रजा त्यांच्या काळात मिळू लागली. त्यांनी स्वतः किती सोसलं याची भाषणं खूप झाली असतील, पण माझ्या लक्षात राहिली ती रजा. खुर्चीत बसलेल्या बाईने खालच्या बाईसाठी काढलेली वाट. मी माझ्या चौदा माणसांच्या शाखेत अशी कोणती वाट काढली? रविवारचे आकडे!

मगाशी लिहिताना मध्येच रिजनल ऑफिसचा मेसेज आला, उद्याच्या लॉगिन डेची, म्हणजे कर्जाचे अर्ज नोंदवायच्या मोहिमेची, तयारी किती. वाजले होते दहा वाजून दहा मिनिटं. नेहमीसारखं लगेच उत्तर टाइप केलं, मग पुसलं. सकाळी देईन. त्यावर उद्या कुणी बोललंच तर ऐकून घेईन, आणि पुढच्या व्हीसीत कुणाला खुर्चीवरून बोलले तर म्यूट काढेन. हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय ते मुद्दाम, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

पुढच्या महिन्यात माझी आठ दिवसांची रजा आहे, स्वतःहून मागितलेली. सेकंड मॅनेजर ट्रेनिंगला असेल. चार्ज या मुलीच्या नावाने टाकायचा ठरवलंय, माझ्या फोनशिवाय, पूर्ण. अर्जाचं पुन्हा विचारणार नाही, तिचं तिने ठरवावं. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

हे तिला आत्ताच कळवावं म्हणून तिचा चॅट उघडलाही होता. साडेदहा वाजलेत. तिची मुलगी झोपली असेल. सकाळी दहाला, शाखेत बोलेन.